चालतंय म्हणून ठेवलेला स्विच

माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक गोणपाटाची पिशवी टांगलेली आहे. गेल्या बावीस वर्षांत मिरकरवाडा, जयगड, दाभोळ आणि हर्णै इथल्या बोटींवरून मी उतरवलेले बॅटरी स्विच तिच्यात आहेत. एकाची लाल चावी वितळून खाचेतच बसली आहे. दुसऱ्याचे बोल्ट हिरव्या गंजाने असे खाल्ले आहेत की नटाचे सहा कोन ओळखू येत नाहीत. एकाची पाठ इतकी करपली आहे की आजही हात लावला तर बोट काळं होतं. नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला ती पिशवी जमिनीवर ओतायला लावतो आणि एकेक स्विच उघडून आत बघायला सांगतो.

यातला जवळजवळ प्रत्येक स्विच मी वेळेत बदलायला सांगितला होता. जवळजवळ प्रत्येक वेळी बोटीच्या मालकाने मला एकच उत्तर दिलं होतं: "चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

या वाक्याची मला चीड आहे. किनाऱ्यावर बसून ते बोलणारा माणूस रात्री दोन वाजता समुद्रात बोटीवर नसतो. तिथे तांडेल असतो, खलाशी असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

हा स्विच काय करतो ते आधी सांगतो, कारण पंधरा-वीस वर्षं बोटी चालवणाऱ्या कितीतरी मालकांना तो आपल्या बोटीवर नेमका कुठे बसवला आहे हेही ठाऊक नसतं. मासेमारीच्या बोटीवर बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. बॅटरीतून अंगठ्याएवढी जाड केबल निघते. ती आधी या स्विचात येते आणि मगच पुढे सेल्फकडे, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरकडे, आणि पॅनेलकडे जाते. बंदरात कुणी त्याला कटऑफ म्हणतं, कुणी मेन स्विच. इंजिनाचा सेल्फ, डोलावरचे दिवे, जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, पंप, या सगळ्यांची वीज स्विचातल्या तांब्याच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना टेकतात त्या नखाएवढ्या जागेतून जाते. त्या जागेवर रोज खारी हवा येते, इंजिनाची धग येते, डिझेलचा तेलकटपणा बसतो, आणि इंजिन चालू असेपर्यंत थरथर थांबत नाही. दहा-बारा हंगाम हे सोसल्यावर ती जागा पहिल्यासारखी राहील ही अपेक्षाच खुळी आहे.

मालक जाळ्यावर लाखो रुपये घालतो. फिशफाइंडरचं नवं मॉडेल आलं की शेजारच्या बोटीवर बघून तेच आणतो. रंगकामात हात आखडत नाही, देवाच्या नावाची अक्षरं दरवर्षी नव्याने काढून घेतो. आणि ज्या वस्तूतून या सगळ्याची वीज जाते तिच्यासाठी काही हजार रुपये सुटत नाहीत. याला मी काटकसर म्हणणार नाही. हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाते.

"दिवे लागतात, वायरलेस बोलतो, मग स्विच खराब कसा?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचं उत्तर आकड्यांनिशी देतो.

सेल्फ इंजिनाला पहिला हिसका देतो तेव्हा तो शेकडो अँपिअर ओढतो. हिशोबाला ३०० धरू. झिजलेल्या स्विचचा रोध ३ मिलिओहम झाला, म्हणजे एका ओहमचे हजार भाग केले तर त्यातले फक्त तीन, तर त्या स्विचातच ०.९ व्होल्ट गळतात आणि २७० वॅट उष्णता तयार होते. तेवढी उष्णता मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत कोंडली जाते. इंजिन तरीही सुरू होतं, चोवीस व्होल्टात पाऊण-एक व्होल्ट कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्रत्येक सेल्फला पट्टी तापते, तापली की काळी पडते, काळी पडली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. पट्टी दाबून धरणारी स्प्रिंग धगीने नरम पडते आणि पकड ढिली होते. एक-दोन हंगामांत ३ मिलिओहमचे १० होतात. आता ३०० अँपिअरला ३ व्होल्ट जातात आणि ९०० वॅटची शेगडी इंजिनखणात पेटते.

याच स्विचातून दिवे आणि वायरलेस मिळून ३० अँपिअर घेतले तर काय होतं? ०.३ व्होल्ट कमी, ९ वॅट उष्णता. दिवे लखलखीत दिसतात. म्हणजे दिवे लागले यावरून स्विच चांगला ठरवणारा माणूस, ज्या कामासाठी स्विच लागतो ते काम सोडून भलत्याच कामावर त्याची परीक्षा घेत असतो. आणखी एक तुलना देतो. ५० चौरस मिलिमीटरच्या जाड तांब्याच्या केबलचे पंचवीस मीटर घेतले तरी त्यांचा रोध १० मिलिओहम होत नाही. तुमच्या बोटीच्या लांबीपेक्षा जास्त केबल त्या एका डबीत गुंडाळून ठेवल्यासारखं आहे हे. कुणी मालक अशी केबल गुंडाळू देईल का?

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या थोरल्या काकांची सागवानी बोट होती, चव्वेचाळीस फुटी. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आयटीआय करून नुकता वायरमनचं काम करू लागलो होतो. त्या बोटीचा मेन स्विच हाताला चटका लागेल इतका तापतो हे मी गणपतीच्या आधी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "आता धंद्याचे दिवस. होळीनंतर बघू." मी गप्प बसलो. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही हे आमच्या घरातलं वळण, आणि मीही ते पाळलं. तेव्हा मी बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

ऑक्टोबरात, जयगडच्या बाहेर, रात्री पंख्यात जाळं अडकलं. तांडेलाने इंजिन बंद केलं. दोघे खलाशी पाण्यात उतरून जाळं कापून वर आले. तांडेलाने सेल्फ मारला. कट्ट. दिवे मंदावले, इंजिन हललं नाही. पुन्हा मारला. पुन्हा कट्ट. पाच-सहा वेळा मारल्यावर इंजिनखणातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पुढच्या प्रयत्नाला दिवे, वायरलेस, जीपीएस सगळं एकदम गेलं. वारा किनाऱ्याकडे होता. त्यांनी नांगर टाकला. नांगर धरला म्हणून बोट खडकाकडे गेली नाही. सात माणसं पहाटेपर्यंत टॉर्च हलवत बसली. सकाळी दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. त्या सातांत माझा चुलत भाऊ होता.

मी बोटीवर गेलो तेव्हा दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. स्विच बाजूला ठेवून केबलच्या टोकांवरचे दोन लग एकमेकांवर बोल्टने आवळले आणि सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झालं. म्हणजे त्या रात्री बोटीवर एकही गोष्ट बिघडलेली नव्हती, एक सोडून. तो करपलेला स्विच माझ्या पिशवीतला पहिला.

आता अल्टरनेटरबद्दल, कारण या एका गोष्टीने मालकांचे सगळ्यात जास्त पैसे पाण्यात गेलेले मी पाहिले आहेत. इंजिन चालू असताना बॅटरी अचानक सुटली तर अल्टरनेटरने तयार केलेल्या विजेला जायला जागा उरत नाही. बारा व्होल्टच्या साध्या अल्टरनेटरवर अशा वेळी क्षणभरासाठी शंभराच्या आसपास व्होल्ट चढू शकतात, चोवीसवर त्याहूनही जास्त. त्यात त्याचे डायोड फुटतात. म्हणून इंजिन चालू असताना मेन स्विच फिरवायचा नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. पण झिजलेला स्विच हे काम कुणी हात न लावता करतो. लाट आदळली, बोट हादरली, ढिली पट्टी क्षणभर उचलली गेली आणि परत टेकली. दिवे एकदा लवले एवढंच कुणीतरी पाहिलं. तिकडे डायोड गेले.

दाभोळच्या एका बोटीवर दोन हंगामांत तीन अल्टरनेटर आणि एक फिशफाइंडर गेले होते. प्रत्येक वेळी मेकॅनिकने अल्टरनेटर बदलला, बिल लावलं आणि "कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही" असं सांगून तो निघून गेला. दुसऱ्यांदा डायोड फुटले तेव्हाच त्या माणसाला प्रश्न पडायला हवा होता की हे फुटतात का. तो पडला नाही, कारण बदलण्याचे पैसे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत. मी स्विचवर बोट ठेवून जरा दाबलं आणि पॅनेलवरचा दिवा मिणमिणला. मिनिटभराचं काम होतं. मालकाने तीन अल्टरनेटर आणि एक फिशफाइंडर इतका खर्च त्या मिनिटासाठी केला होता.

आमच्या धंद्यातल्या माणसांवर मी हे उघड लिहितो आहे, ते कुणाला झोंबलं तर झोंबू दे. झिजलेला स्विच उघडून पट्टीवर पॉलिश पेपर घासायचा, ग्रीस लावायचं, पुन्हा बंद करून "झाला नवा" म्हणायचं, ही दुरुस्ती नाही. तांब्याच्या पट्टीवर मुळात पातळ मुलामा असतो, तो पेपरने निघून जातो. उघडं तांबं खाऱ्या हवेत आणखी लवकर काळं पडतं. नरम पडलेली स्प्रिंग पेपरने कडक होत नाही. आठवडाभर स्विच बरा वागतो, तेवढ्यात बोट समुद्रात गेलेली असते. बॅटरी स्विच दुरुस्त करायची वस्तू नाही. तो काढायचा आणि टाकायचा.

टाकल्यावर त्या जागी काय बसवायचं, इथे दुसरा घोळ सुरू होतो. बहुतेक बोटींवर ट्रकचा कटऑफ बसवलेला असतो, लाल चावीचा, काहीशे रुपयांचा. ट्रकसाठी तो ठीक असेल. ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. त्या कटऑफच्या आतली पट्टी पुष्कळदा मुलामा दिलेल्या लोखंडाची निघते, चुंबक लावला की चिकटतो. नवा स्विच घेताना खिशात चुंबक ठेवा आणि बोल्टला लावून बघा. तो चिकटला तर दुकानदाराला वस्तू परत द्या, मग तो कितीही ओळखीचा असो. एका दुकानाने मला नामांकित परदेशी स्विच म्हणून जो माल दिला त्याच्या शिक्क्यातली अक्षरंही सारखी नव्हती, आणि चौथ्या महिन्यात त्याची मूठ फिरता फिरता हातात आली. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

चांगल्या स्विचवर अँपिअरचे तीन आकडे असतात: सतत किती, काही मिनिटं किती, आणि सेल्फच्या काही सेकंदांसाठी किती. विकणारा नेहमी सगळ्यात मोठा आकडा वाचून दाखवतो. तुम्ही सगळ्यात लहान वाचा. अल्टरनेटर रात्रभर बॅटरी भरतो, पॅनेल रात्रभर वीज ओढतं, तेव्हा कामाला येतो तो सततचा आकडा.

आणि नुसता स्विच बदलून भागत नाही, हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. मालक स्विच हातात आणून देतो आणि म्हणतो, "एवढा बसवून दे, अर्ध्या तासाचं काम." अर्ध्या तासात बसवलेला नवा स्विच पुढच्या हंगामात जुन्यासारखाच तापतो आणि मग मालक म्हणतो, महाग आणूनही उपयोग झाला नाही. उपयोग होत नाही, कारण जुनेच लग त्याच्यावर चढवलेले असतात.

जुन्या बोटीवरच्या केबलचं टोक कधी कापून पाहिलं आहे का? बंदरात वेल्डिंगची केबल सर्रास वापरतात, कारण ती मऊ असते आणि सहज मिळते. तिच्यातल्या केसासारख्या तारा उघड्या तांब्याच्या असतात, त्यांच्यावर कथलाचा मुलामा नसतो. लगाच्या मागून खारं पाणी शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं तारांमधून आत चढत जातं. बाहेरून रबर धडधाकट दिसतं. कापलं की आत वीतभर तारा काळ्या निघतात. अशा केबलला नवा लग लावणं म्हणजे किडलेल्या लाकडात नवा खिळा मारणं. उजळ तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं, आणि केबल तोकडी पडली तर ती पूर्ण बदलायची. बदलताना मुलामा दिलेल्या तारांची सागरी केबल घ्यायची.

लग बसवायची आपल्याकडची रीत तर आणखी वाईट. हातोडीने चेपतात. छिन्नीने खाच पाडतात. फार तर डाग देऊन शिसं ओततात आणि त्याचा अभिमान बाळगतात. शिसं-कथलाचा नेहमीचा डाग १८३ अंशाला वितळतो. रोध वाढून जोड तापला की डागच सुटतो, नेमका ज्या वेळी सेल्फला सगळी वीज हवी असते त्या वेळी. लग हायड्रॉलिक क्रिम्परने, योग्य मापाच्या डायने दाबायचा, असा की आत तारांमध्ये पोकळी उरू नये. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवायची, म्हणजे पाणी शिरायची वाटच बंद. हे क्रिम्पर महाग येतं हे मला माहीत आहे, मी ते कर्ज काढून घेतलं. पण जो माणूस बोटींची बॅटरीकामं करतो आणि हातोडीने लग चेपतो, त्याने हे काम सोडून द्यावं.

मग वायसर. स्टेनलेसचा वायसर लगाच्या खाली घालायची एक खुळी पद्धत आहे. स्टेनलेस गंजत नाही म्हणून लोकांना ते भरवशाचं वाटतं. पण वीज वाहून नेण्यात स्टेनलेस तांब्याच्या साधारण चाळीसपट मागे आहे. लग थेट स्विचच्या तांब्याच्या बैठकीवर टेकला पाहिजे, तांब्याला तांबं. वायसर आणि नट त्याच्या वर. एका बोल्टवर चारांपेक्षा जास्त लग चढवू नका, आणि सगळ्यात जाड केबलचा लग सगळ्यात खाली ठेवा. मी एका बोल्टवर नऊ लग पाहिले आहेत, दर हंगामात कुणीतरी येऊन वर एक चढवून गेलेला. नट बोल्टच्या शेवटच्या आट्यावर कसाबसा अडकलेला होता.

जागेचं थोडक्यात. बॅटरीच्या डोक्यावर स्विच नको. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीने भडकू शकतो. इंजिनाच्या मागे, जिथे पोचायला गरम एक्झॉस्ट ओलांडावा लागतो, तिथेही नको. इंजिनखणात आग लागली तर बाहेर उभं राहून एका हाताने बंद करता आला पाहिजे, नाहीतर तो लावला कशाला? आणि पॅनेलला जाणाऱ्या केबलला बॅटरीजवळच फ्यूज हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं प्रमाण नियम म्हणून सात इंच सांगतं. आपल्याकडे सात फुटांवरही फ्यूज नसतो.

जुन्या बोटींवर, विशेषतः किनाऱ्यावरच्या जुन्या लॉन्चांवर, एक-दोन-दोन्ही-बंद असा चार खुणांचा गोल स्विच सापडतो. एका मुठीने दोन बॅटरी-संच सांभाळायची ती जुनी सोय. नवा असताना तो एकवरून दोनवर जाताना आधी नवी पट्टी टेकवतो आणि मगच जुनी सोडतो, त्यामुळे मध्ये वीज तुटत नाही. झिजल्यावर ते अंतर फाटतं आणि मध्येच क्षणभर काहीच टेकलेलं नसतं. अल्टरनेटरचं पुढे काय होतं ते वर लिहिलं आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे मूठ 'दोन्ही'वर राहून जाते. रात्रभर नांगरावर दिवे आणि गाणी चालतात आणि सकाळी दोन्ही संच रिकामे. बदलायचाच आहे तर तसाच दुसरा आणू नका. सेल्फच्या बॅटरीला एक साधा चालू-बंद स्विच, दिवे-पॅनेलच्या बॅटरीला दुसरा, आणि अडीअडचणीला दोन्ही जोडणारा तिसरा. सेल्फची बॅटरी गाण्याला द्यायची नाही म्हणजे नाही.

आणि पंप. लाकडी बोट थोडी पाझरतेच. बुडातल्या पाण्याचा पंप आणि त्याचा फ्लोट मेन स्विचच्या मागून घेऊ नका. तो थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. स्विच बंद करून माणसं घरी जातात, पंपही बंद होतो, आणि सकाळी धक्क्याला बोट गळ्यापर्यंत बुडालेली सापडते. असं मी तीनदा पाहिलं आहे, तिन्ही वेळा कारण हेच.

आता ज्यांच्या हातात शिक्के आहेत त्यांच्याबद्दल. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची कुबेर ही मच्छीमार बोट ताब्यात घेऊन अतिरेकी मुंबईवर आले. त्यानंतर नोंदणी कडक झाली, ओळखपत्रं आली, मोठ्या बोटींना ओळख आणि ठिकाण कळवणारं एआयएस आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेचा पंतप्रधानांच्या हस्ते आरंभ झाला. हे सगळं हवंच होतं, मी त्याच्या बाजूचा आहे. पण माझ्या बावीस वर्षांत बोटीची तपासणी करायला आलेल्या एकाही माणसाने माझ्यासमोर इंजिनखणात उतरून मेन स्विचला हात लावलेला नाही. कागद बघतात, लाइफ जॅकेट मोजतात, नंबर वाचतात आणि जातात. वायरलेस आहे का हे विचारतात, त्याला वीज कुठून येते हे विचारत नाहीत. विम्याचा सर्व्हेअर बोट जळाल्यावर येतो आणि "शॉर्टसर्किट" हा एक शब्द लिहून परत जातो. कुठे, कशामुळे, किती वर्षांच्या तापलेल्या जोडामुळे, हे त्या कागदात नसतं. त्यामुळे शेजारच्या बोटीचा मालक त्यातून काही शिकत नाही. तपासणीच्या तक्त्यात एक ओळ वाढवायला काय लागतं? सेल्फ मारताना स्विचवर किती व्होल्ट गळतात, ते मोजा आणि लिहा. मच्छीमार सोसायट्यांनी तर हे स्वतःहून करायला हवं. डिझेलच्या परताव्यासाठी मोर्चा काढणाऱ्या सोसायटीला सभासदांच्या बोटींवर एक मल्टिमीटर फिरवता येऊ नये?

मोजायची रीत कोणालाही जमेल अशी आहे. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्याची एक सुई स्विचच्या एका बोल्टवर, दुसरी दुसऱ्या बोल्टवर टेकवा, बोल्टच्या डोक्यावरच, लगावर नाही. इंजिनाचा स्टॉप ओढून धरा, म्हणजे ते सुरू होणार नाही, आणि दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत आला तर स्विच ठीक. ०.२च्या वर गेला तर तो काढायचाच, चर्चा नको. मग तसंच एक सुई बोल्टवर आणि एक लगाच्या नळीवर ठेवून मोजा, लग खराब असेल तर तिथे कळेल. सगळं मिळून दहा मिनिटं.

नाखवांनो, १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही जाळी विणून घेता, बुडाला रंग देता, नारळी पौर्णिमेची तयारी करता. यंदा त्यातली दहा मिनिटं इंजिनखणात द्या, आणि मोजताना तांडेलाला सोबत घ्या, त्यालाही आकडा बघू द्या. ०.२ दिसला की त्याच दिवशी स्विच उतरवा, १ ऑगस्टची वाट बघू नका. माझ्याकडे आणलात तर जुना स्विच मी ठेवून घेईन.